परळचा जनावरांचा दवाखाना आणि वऱ्हाडातली ढोरफोडी

इंग्रजी राजवटीतल्या संस्थांवर आपल्याकडे दोनच प्रकारचं लेखन होतं. एक म्हणतं, इंग्रजांनी रेल्वे दिली, दवाखाने दिले, कॉलेजं दिली, उपकार झाले. दुसरं म्हणतं, आपल्या संस्कृतीत भूतदया आधीपासूनच होती, इंग्रजांनी फक्त इमारती बांधल्या. जनावरांच्या दवाखान्याचा विषय निघाला की दुसरी बाजू जास्तच जोरात बोलते. पांजरापोळ आमचं, गोरक्षण आमचं, पोळा आमचा, मग आम्हाला जनावरांची काळजी कोण शिकवणार?

आमचा प्रश्न या दोन्ही बाजूंना आहे. जनावर जिवंत असताना त्याला हात कोण लावत होतं, मेल्यावर कोण लावत होतं आणि त्या हाताला मोबदला काय मिळत होता? हा प्रश्न लावून मुंबईच्या पशुवैद्यकीय कॉलेजचा इतिहास वाचला, तर तो परळमध्ये संपत नाही. तो भुसावळ-नागपूर रेल्वेने थेट आमच्या चांदूर रेल्वेपर्यंत येतो आणि गावाबाहेरच्या ढोरफोडीत जाऊन थांबतो.

घोडा आधी, बैल नंतर, शेळी कधीच नाही

इंग्रजांना हिंदुस्थानातल्या जनावरांची आठवण झाली ती पलटणीमुळे. 1862 साली पुण्यात लष्करी पशुवैद्यकीय शाळा निघाली. तोफा ओढायला, घोडदळ चालवायला घोडे लागत होते आणि घोडा मेला की सरकारचं नुकसान होत होतं. रयतेच्या बैलाकडे लक्ष गेलं ते बुळकांडीमुळे. बुळकांडी आली की गावंच्या गावं रिकामी व्हायची. जनावराला ताप, तोंडात फोड, मग हगवण आणि आठवडाभरात खेळ खलास. या रोगाच्या चौकशीसाठी सरकारने कमिशन नेमलं, त्याचा अहवाल 1871 साली आला. त्या कमिशनचे प्रमुख हॅलन हे लष्करातले पशुवैद्य. हेच हॅलन पुढे घोड्यांच्या पैदाशीचे मुख्य अधिकारी झाले. बैलांच्या रोगाचा अहवाल लिहिणारा माणूस शेवटी घोड्यांकडेच गेला, यात सगळं आलं.

नागरी शिक्षणाची सोय 1882 साली लाहोरला झाली. मुंबईचं कॉलेज 2 ऑगस्ट 1886 रोजी परळला सुरू झालं, बंगालचं 1893 साली आणि मद्रासचं 1903 साली. पुण्यात 1889 साली जंतुशास्त्राची प्रयोगशाळा निघाली, डॉ. लिंगार्ड तिचे प्रमुख होते. 1893 साली ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. बुळकांडीवरच्या लसीचं मोठं काम तिथंच झालं. 1920च्या दशकात एडवर्ड्स यांनी या रोगाचा विषाणू शेळ्यांमधून पुन्हा पुन्हा काढून सौम्य केला आणि त्याची लस बनवली. शेळी म्हणजे गरिबाची गाय, भूमिहीनाच्या दारातलं एकमेव धन. त्या शेळीच्या जिवावर बैल वाचले. पण सरकारी दवाखान्यात शेळीचा नंबर मात्र सगळ्यांत शेवटी लागत राहिला.

परळमध्ये काय उभं राहिलं

मुंबईच्या कॉलेजची गंमत अशी, की कॉलेजच्या आधी दवाखाना आला. 1874 साली मुंबईत प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारी मंडळी स्थापन झाली. तिच्या कामातून आणि गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचा दवाखाना झाला. त्याला त्यांच्या पत्नीचं नाव दिलं, बाई साकरबाई. आजही तो बैलघोडा हॉस्पिटल म्हणून मुंबईकरांना माहीत आहे. त्याच आवारात कॉलेज उघडलं. दवाखाना धर्मादाय, कॉलेज सरकारी. दवाखान्यातली आजारी जनावरं म्हणजे विद्यार्थ्यांचं शिक्षण आणि कॉलेजचे शिक्षक म्हणजे दवाखान्याचे डॉक्टर, अशी ही जोडी होती.

पहिले प्रिन्सिपॉल जॉन हेन्री स्टील. हा माणूस खरंच कामाचा होता. बैलांच्या रोगांवर त्यांचा मोठा ग्रंथ आहे. हिंदुस्थानातलं पशुवैद्यकाचं पहिलं नियतकालिक त्यांनी चालवलं. घोड्याउंटांना होणाऱ्या सर्रा रोगाच्या जंतूच्या शास्त्रीय नावापुढे आजही स्टील यांचं नाव आणि 1885 हे साल लागतं. 1891 साली ते वारले तेव्हा वय जेमतेम छत्तीस. त्यांच्या नावाने इंग्लंडमध्ये पदक दिलं जातं. इंग्रज म्हणून सगळेच लुटारू, असं आम्ही म्हणत नाही. ज्ञानासाठी झिजलेल्या माणसाला आम्ही मान देतो. ते ज्ञान कुणापर्यंत पोचू दिलं गेलं, हा वेगळा प्रश्न आहे आणि तोच आम्हाला विचारायचा आहे.

या कॉलेजची पदविका जी.बी.व्ही.सी. म्हणून ओळखली जायची. पदविका घेतलेला तरुण जिल्ह्याच्या गावी, संस्थानात किंवा म्युनिसिपालटीत नोकरीला लागायचा. जिल्ह्यातले जनावरांचे दवाखाने स्थानिक बोर्डांच्या पैशावर चालायचे. म्हणजे शेवटी रयतेच्याच पैशावर.

आता पेटिटांची देणगी आली कुठून ते पाहू. पेटिट हे कापड गिरण्यांचे मालक. गिरणीला कापूस लागतो आणि वऱ्हाड म्हणजे कापसाचा मुलूख. 1860च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कपाशीला सोन्याचा भाव आला. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली. बडनेरा, चांदूर, धामणगाव ही स्टेशनं कापसाच्या गठाणींची झाली. गावापासून स्टेशनापर्यंत कापूस कोण न्यायचं? बैलबंडी. बंडी हाकणारा कोण? सालदार, गाडीवान, मजूर. काळ्या मातीत चाक रुतायचं आणि बैलाच्या खांद्याला आवाळू यायचं. वऱ्हाडातून मुंबईला कापूस गेला, गिरण्यांत नफा झाला, त्या नफ्याच्या मुंबईत जनावरांचा दवाखाना झाला. पण वऱ्हाडातल्या ज्या बैलाने ती गठाण ओढली, त्याला परळचा दवाखाना कधी दिसला नाही.

वऱ्हाड 1853 साली निजामाने इंग्रजांच्या हवाली केला, 1902 साली कायमच्या पट्ट्याने दिला आणि 1903 साली तो मध्य प्रांताला जोडला. या सबंध मध्य प्रांत-वऱ्हाडात इंग्रज असेपर्यंत एकही पशुवैद्यकीय कॉलेज निघालं नाही. जबलपूरचं 1948 साली निघालं आणि नागपूरचं 1958 साली. देशातल्या नावाजलेल्या कापूस मुलखात, जिथली सगळी शेती बैलाच्या मानेवर, तिथं कॉलेज यायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. उपकाराची भाषा करणाऱ्यांनी याचा हिशेब द्यावा.

दयेचा कायदा आणि दंड भरणारा

भूतदयेचा हिशेबही मांडू. 1832 साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या हुकमावरून दंगा झाला. 1834 साली सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांनी पांजरापोळ काढलं. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर लाग बसवून त्याचा खर्च उचलला. म्हाताऱ्या गाईला, लंगड्या घोड्याला, भटक्या कुत्र्याला आसरा मिळाला. चांगली गोष्ट आहे. आमचा बुद्ध करुणेचा आहे, अशोकाच्या शिलालेखात माणसांबरोबर पशूंच्या उपचाराची व्यवस्था कोरलेली आहे. जनावरावर दया करू नका, असं कुठलाच आंबेडकरवादी म्हणणार नाही.

पण दया करताना किंमत कुणाकडून वसूल झाली? 1890 साली जनावरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध अखिल हिंदुस्थानचा कायदा झाला. जखमी, लंगडं जनावर कामाला जुंपलं तर दंड. मॅजिस्ट्रेटने ते जनावर दवाखान्यात पाठवलं, तर उपचाराचा खर्च मालकाच्या माथी. कायदा वाचायला सुंदर आहे. पण लंगडा बैल जुंपतो कोण? ज्याच्याकडे दुसरा बैल नाही तो. ज्या शेठच्या गठाणी त्या बंडीवर लादलेल्या असतात, त्याला दंड होत नाही. दंड होतो हाकणाऱ्याला. बंडीत दीड पट माल भरायला लावणारा दयाळू ठरतो, देणगीच्या पाटीवर त्याचं नाव लागतं. चाबूक हातात असलेला गरीब क्रूर ठरतो.

गावाकडे हीच गोष्ट कोंडवाड्याची. 1871 च्या कायद्याने दुसऱ्याच्या वावरात शिरलेलं जनावर कोंडवाड्यात घालायचं आणि मालकाने दंड भरून सोडवायचं. ज्याला चराईला स्वतःचं वावर आहे त्याचं जनावर त्याच्याच धुऱ्यावर चरतं. भूमिहीनाची शेळी कुठं चरणार? रानावर जंगल खात्याने कुंपण घातलं. महात्मा जोतीराव फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात ही गोष्ट स्वच्छ मांडली आहे. जंगल खात्याने शेतकऱ्याची गुरं चरायची जागा बंद केली, गोऱ्या शिपायांच्या खाण्यासाठी बैल कापले जातात, म्हणून शेतकरी बैलाला मोताद झाला, असं जोतीरावांचं म्हणणं होतं. ध्यानात घ्या, जोतीराव बैलाचा प्रश्न धर्माचा करत नाहीत, शेतीचा करतात. त्याच दशकात गोरक्षणाच्या सभा निघाल्या, नागपुरातही निघाल्या आणि 1893 साली मुंबईसह ठिकठिकाणी हिंदू-मुसलमान दंगे झाले. जोतीराव बैलाला चारा मागत होते. गोरक्षणवाले बैलाच्या नावाने शत्रू शोधत होते. दोघांतला फरक तेव्हाही होता, आजही आहे.

तेच प्रेत, तीच सुरी

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

पशुवैद्यक शिकायचं तर मेलेलं जनावर फाडावंच लागतं. कातडं सोलून स्नायू, हाडं, आतडी, काळीज, फुप्फुस पाहावं लागतं. मेलेल्या जनावराची चिरफाड केल्याशिवाय तो कशाने मेला हे कळत नाही. परळच्या कॉलेजात विद्यार्थी हेच शिकत होते. तिथं मेलेल्या बैलाला हात लावला म्हणून कुणी अस्पृश्य झाला नाही. उलट त्याला पदविका मिळाली, पगार मिळाला, जिल्ह्याच्या गावी 'डॉक्टरसाहेब' म्हणून मान मिळाला. माणसांच्या वैद्यकातही हेच झालं होतं. 1836 साली कलकत्त्याला मधुसूदन गुप्तांनी मानवी प्रेताची चिरफाड केली, तेव्हा त्याचं मोठं कौतुक झालं.

त्याच वर्षांत वऱ्हाडातल्या गावात काय चाललं होतं? गावात कुणाचं ढोर मेलं की महारवाड्यात सांगावा यायचा. आमच्या बापजाद्यांनी ते दोर लावून ओढायचं, गावाबाहेर ढोरफोडीवर न्यायचं, सोलायचं, फाडायचं. ढोरफोडी हा काही आमचा कल्पनेतला शब्द नाही. गोठाण, मसनवाट यांच्यासारखीच ती गावाच्या सरकारी कागदात लिहिलेली जागा आहे. बिदरच्या बादशहाने दिलेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बावन्न हक्कांत मेलेल्या जनावराचा हक्क होता. हक्क कसला, ती वेठ होती. काम नाकारायची मुभा नाही आणि काम केलं म्हणून विटाळ. ज्या पाटलाच्या बैलाला पोळ्याला मानाचं तोरण, त्याच बैलाला मेल्यावर ओढणारा माणूस पाटलाच्या ओट्यावर चढू शकत नव्हता.

तेच प्रेत आणि तीच सुरी, पण परळला त्याचं नाव शास्त्र आणि चांदूरच्या खेड्यात त्याचं नाव विटाळ. मग विटाळ प्रेतात होता का? प्रेतात असता तर परळच्या विद्यार्थ्यालाही लागला असता. विटाळ जातीत होता. मेलेलं जनावर ओढतात म्हणून हे अस्पृश्य, असं सनातनी मंडळी शतकानुशतकं सांगत आली. परळच्या कॉलेजने न बोलता त्यांचं म्हणणं खोटं पाडलं. पण हा निष्कर्ष काढायला त्या कॉलेजातलं कुणी पुढं आलं नाही.

कॉलेजात आमची माणसं होती का, असा प्रश्न येईल. त्याचं उत्तर बाबासाहेबांनी 1928 साली सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात आहे. 1881-82 च्या आकडेवारीवरून बाबासाहेबांनी दाखवलं, की मुंबई इलाख्यात तथाकथित खालच्या जातींची मिडल स्कूलमध्ये 17 मुलं होती. हायस्कुलात शून्य. कॉलेजात शून्य. त्यानंतर चारच वर्षांनी परळचं कॉलेज निघालं आणि तिथलं शिक्षण इंग्रजीतून. ज्यांच्या हायस्कुलातला आकडा शून्य, ते तिथं कसे पोचणार? जनावराच्या शरीराची सगळ्यांत जास्त माहिती ज्यांच्या हाताला होती, त्यांनाच त्या शास्त्राच्या दारात येता आलं नाही. काळजावर कुठला डाग आहे, पानथरी सुजली आहे का, पोटात पाणी आहे का, हे पिढ्यान्‌पिढ्या सोलणाऱ्याला दिसत होतं. त्याला अक्षर दिलं असतं, तर गावोगाव रोगाची खबर देणारा पहिला माणूस तोच झाला असता.

अक्षर तर दिलं नाहीच, धोकाही सांगितला नाही. फाशी या रोगाने मेलेलं जनावर फाडायचं नसतं. खोल खड्डा करून चुना टाकून पुरायचं किंवा जाळायचं असतं, कारण तो रोग माणसाला होतो. रक्तातून, कातड्यातून, मांसातून. पशुवैद्यकाच्या पुस्तकात हे 19व्या शतकातच आलं होतं. पण गावात नियम उलटा होता. जनावर कशानेही मरो, महाराने ओढायचं, सोलायचं, आणि पोटात आग असेल तर खायचं. शास्त्र सांगत होतं हात लावू नका. जात सांगत होती हात लावल्याशिवाय सुटका नाही. 1899-1900 च्या दुष्काळात वऱ्हाडात गुरं पटापट मेली, तेव्हा ती कुणी ओढली असतील हे सांगायला नको. त्या हातांना काय झालं, याची नोंद कुठल्याही दवाखान्याच्या वहीत नाही.

उलट संशय मात्र आमच्यावरच. कातड्यासाठी सोमल घालून गुरं मारतात, असा ठपका उत्तर हिंदुस्थानात चांभार समाजावर सरसकट ठेवला गेला. पोलिसांचे अहवाल त्याने भरलेले आहेत. बुळकांडीने मेलेल्या गुरांचा गुन्हाही कधी कधी गरिबाच्या नावावर गेला. गुरं रोगाने मरत होती, तरी गुन्हेगार जातीतच शोधला जात होता.

महाड ते नागपूर

हे कोडं फोडलं ते बाबासाहेबांनी. योगायोग पाहा. ज्या परळमध्ये जनावरांचा दवाखाना आणि कॉलेज होतं, त्याच परळच्या पोयबावडीला बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब राहत होते. 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभेचा पाया परळच्याच दामोदर हॉलमध्ये घातला गेला. जनावराला दवाखाना मिळालेल्या परळमध्ये माणसाला माणूसपण मिळवून देणारी चळवळ उभी राहत होती.

मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं. गावोगाव महारांनी मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावतीला वऱ्हाड प्रांताची अस्पृश्य परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झाली, अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाचा प्रश्न पेटला. वऱ्हाडातली आमची माणसं त्या दिवसांत जागी झाली. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं. वेठ ही कायद्याने मोडायची गोष्ट आहे, उपकाराने नाही, हे त्यांनी दाखवलं.

ढोरं ओढणं बंद झाल्यावर गावाने काय केलं? बहिष्कार. मजुरी बंद, दुकान बंद, वाट बंद. आणि शहाण्यांनी काय केलं? हिशेब मांडला. 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ही आठवण सांगितली आहे. 'केसरी'त कुणी लिहिलं, की मेलेलं जनावर सोडल्याने महारांचं कातडं, शिंगं, हाडं, मांस यांचं वर्षाला शेकडो रुपयांचं नुकसान होतं, आंबेडकर त्यांना बुडवतो. बाबासाहेबांचं उत्तर सरळ होतं. एवढा फायदा आहे ना, मग तुम्हीच ओढा, वरून पैसे मी देतो. आमच्या माणसांना रोटी हवी, पण इज्जत गहाण टाकून नको. ज्यांनी फायद्याचा हिशेब मांडला, त्यांच्यापैकी एकही पुढं आला नाही. धंदा खरंच फायद्याचा असता, तर आरक्षण न मागताही तिथं गर्दी झाली असती.

काही लोक आजही म्हणतात, कुठलंही काम हलकं नसतं, आंबेडकरी चळवळीने श्रमाचा अपमान केला. असं म्हणणाऱ्यांनी परळकडे पाहावं. मेलेल्या जनावराला हात लावण्याचं काम हलकं नव्हतंच. ते जातीने लादलं, फुकट करून घेतलं, करणाऱ्यालाच बाटवलं, म्हणून ते हलकं झालं. बाबासाहेबांनी श्रम नाकारला नाही, सक्ती नाकारली. त्याच कामाला शिक्षण, पगार, हातमोजे आणि मान असेल तर आमची मुलं आनंदाने करतील, आणि करतच आहेत. आज नागपूरच्या, अकोल्याच्या, परळच्या पशुवैद्यकीय संस्थांत आमच्या समाजातली मुलंमुली शिकतात, शवविच्छेदन करतात, पशुधन विकास अधिकारी होतात. आजोबा जे जातीने करत होता ते नात पदवीने करते. या दोन्हींच्या मध्ये महाड आहे, संविधान आहे, आरक्षण आहे आणि शिष्यवृत्ती आहे.

माणसाला डॉक्टर नाही, जनावराला आहे

आणखी एक गोष्ट नोंदवतो. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. ती 1929 साली गांधीजींच्या 'यंग इंडिया'त छापून आली होती. शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि आजारी पडली. हिंदू डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावच्या वजनदार माणसांनी रदबदली केली तेव्हा आला, पण बाईला हात लावला नाही. थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच मार्गाने तो परत आला. औषध दिलं, पण परत पाहायला आला नाही. ती बाई मेली.

त्या वर्षी परळचं कॉलेज सुरू होऊन 43 वर्षं झाली होती. जनावराची नाडी हाताने पाहायची असते, हे शिकवणारं शास्त्र या देशात रुजलं होतं. पांजरापोळाला शंभर वर्षं होत आली होती. बैलाच्या अंगाला हात लागत होता, बाळंतिणीच्या मनगटाला लागत नव्हता. भूतदयेची परंपरा सांगणाऱ्यांना एवढंच विचारायचं आहे, की तुमच्या 'भूतां'मध्ये आम्ही होतो का?

आजचं काय

बुळकांडी गेली. 2006 साली भारत त्या रोगातून मुक्त जाहीर झाला आणि 2011 साली जगातून तो रोग गेला. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून घालवलेला हा दुसरा रोग. शास्त्राची ताकद अशी असते. जात मात्र गेली नाही.

15 ऑक्टोबर 2002 रोजी हरियाणात झज्जरजवळ दुलिना इथं गाय मारल्याच्या संशयावरून पाच दलितांना जमावाने ठार मारलं. जुलै 2016 मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या तरुणांना गाडीला बांधून फोडून काढलं. त्यानंतर तिथल्या दलितांनी मेलेली जनावरं सरकारी कचेरीपुढे नेऊन टाकली, घ्या तुमची माय, म्हणाले. महाडचीच ही पुढची पायरी होती. महाराष्ट्रात 2015 साली बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हातारा बैल विकता येत नाही, पोसता येत नाही. तो रात्री मोकाट सोडला जातो आणि दुसऱ्या गरिबाचं वावर खातो. 2022 साली लम्पी आला तेव्हा गावोगाव मेलेली जनावरं उचलायची कुणी, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. ग्रामपंचायत सगळ्यात आधी कुणाच्या दारात जाते, ते आपापल्या गावात पाहून घ्या.

म्हणून आमचं म्हणणं थोडक्यात असं.

एक, मेलेल्या जनावराची विल्हेवाट ही ग्रामपंचायतीची आणि नगर परिषदेची जबाबदारी आहे, कुठल्याही जातीची नाही. त्यासाठी वाहन, खड्ड्याची जागा, चुना, हातमोजे आणि पगारी माणूस हवा. ग्रामसभेत हा ठराव मांडा, लेखी मांडा.

दोन, गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरची खुर्ची रिकामी आणि परिचरावर सगळा कारभार, हे चित्र अनेक गावांत आहे. डॉक्टर कोण, परिचर कोण, सफाईवाला कोण, हे एकदा आपापल्या तालुक्यात मोजा. जुनी वाटणी किती मोडली ते कळेल.

तीन, भूमिहीनाची शेळी आणि कोंबडी ही पशुधनच आहे. शेळ्यांना लस वेळेवर मिळाली पाहिजे आणि अनुसूचित जातीसाठी येणारे शेळीगट मरतुकडे नकोत. आमच्या वस्तीत शेळ्या राखतात त्या बहुतेक बाया आहेत. दवाखान्याने त्यांच्याशी बोललं पाहिजे.

चार, ई-क्लास जमिनी. चराई कमी झाली म्हणून भूमिहीनांच्या अतिक्रमणाकडे बोट दाखवलं जातं. दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले ते याच जमिनीसाठी. पोटापुरती दोन एकर करणाऱ्याचं अतिक्रमण दिसतं. पुढाऱ्याच्या संस्थेने घेरलेलं रान दिसत नाही. मोजणी करायचीच असेल तर सगळ्यांची करा.

पाच, पशुवैद्यकीय शिक्षणाच्या अभ्यासक्रमात या देशातल्या जनावरांचा इतिहास शिकवताना स्टील, लिंगार्ड आणि पेटिट यांच्याबरोबर ढोरफोडीवर राबलेल्या माणसांचाही इतिहास शिकवा. त्यांच्या नावांची यादी मिळणार नाही, कारण ती कुणी ठेवलीच नाही. पण त्यांचं काम होतं. या देशात जनावराचं शरीर आतून पाहिलेली पहिली माणसं तीच होती.

पोळ्याला आम्हीही बैलाला नमस्कार करतो. तो राबतो म्हणून करतो, देव म्हणून नाही. राबणाऱ्याचा मान राखायचा ही आमची रीत आहे. बैलाला जो न्याय, तो त्याच्या मागे राबणाऱ्या माणसालाही लागू करा. आम्ही एवढंच मागतो आणि हे मागणं संविधानाच्या चौकटीतलंच आहे.

जय भीम.